त्यांचं जेवण वरून येतं

"दिवसभर तिकडे करतेस तरी काय गं?" आईने फोनवर विचारलं आणि मी घाईत होते म्हणून एका शब्दात सांगून टाकलं, "निवडते." तिला वाटलं तांदूळ. म्हणाली, तिकडच्या तांदळातपण खडे असतात होय! मग मी सांगितलं की तांदूळ नाही गं, समुद्राच्या तळाचा गाळ. पण नंतर लॅबमध्ये येऊन बसले तेव्हा जाणवलं की तिला जे वाटलं ते बरोबरच होतं, माझे हात तेच करतात जे तिचे हात सुपावर करतात, नजर एका ओळीने फिरवत न्यायची, हवं ते उचलायचं, बाकीचं मागे सारायचं, मान धरेपर्यंत. फक्त सुपाच्या जागी चौकटी आखलेला काळा ट्रे, वर मायक्रोस्कोप, आणि बोटांच्या जागी तीन शून्य नंबरचा ब्रश, ज्याचं टोक पाण्यात किंचित ओलं करून दाण्याला नुसतं टेकवायचं की दाणा आपोआप चिकटून येतो.

मी ट्रॉम्सोला असते, नॉर्वेच्या पार वरच्या बाजूला. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवत नाही, त्यामुळे मायक्रोस्कोपचा दिवा हाच दिवसातला सगळ्यात लख्ख उजेड. माझं काम फोरॅमिनिफेराचं, आम्ही सगळे नुसतं फोरॅम म्हणतो. एका पेशीचा जीव, पण स्वतःभोवती कवच बांधणारा. नॉर्वेजियन समुद्रात वोरिंग पठार म्हणून एक जागा आहे, १८७६ ते १८७८ मध्ये नॉर्वेची जी मोहीम या समुद्रात फिरली तिच्या वोरिंगेन नावाच्या जहाजावरून ते नाव पडलंय. तिथे खोल तळाशी पाणी शून्याच्याही खाली, उणे एकच्या आसपास असतं, खारं म्हणून गोठत नाही एवढंच. तिथल्या चिखलात पाइप घुसवून गाळाचा लांब दांडका वर काढतात, लॅबमध्ये त्याचे एकेक सेंटिमीटरचे काप करतात, काप त्रेसष्ट मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर धुतात, चिखल वाहून जातो आणि चाळणीत चिमूटभर पांढरट रवा उरतो. तो रवा म्हणजे कवचं. खोल समुद्रात हजार वर्षांत गाळ साचतो दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे माझ्या एका कापात शिवाजी महाराजांपासून आजपर्यंतचा काळ बसतो. हे मी आईला सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प झाली होती.

आणि मग तिने जे विचारलं त्यासाठी हा सगळा लेख. ती म्हणाली, "जिवंत असताना ते खायचं काय गं?"

मला आजवर शेकडो लोकांनी या कामाबद्दल विचारलंय. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, याचा उपयोग काय. आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं, की या कवचांवरून जुन्या समुद्राचं तापमान कळतं, हिमयुगं कळतात, बर्फ किती होता ते कळतं. खातं काय हे कोणीच विचारलं नव्हतं. एमएस्सीला असताना रत्नागिरीकडच्या खाडीचा गाळ धुऊन मी पहिला फोरॅम पाहिला, अमोनिया नावाचा, आपल्या खाड्यांमध्ये भरपूर असतो, तेव्हापासून आजपर्यंत मी हजारो कवचं उचलली असतील, पण त्या प्रत्येकात कोणीतरी राहत होतं आणि त्याला भूक लागत होती हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, मनात आणलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी उलटं वाचायला लागले. आकडे बाजूला ठेवून आधी ते जीव.

तर सुरुवात माझ्या सगळ्यात लाडक्या प्रजातीपासून करते. नाव मोठं आहे, सिबिसिडॉइडीस व्युलरस्टॉर्फी. मी आपली तिला मनात व्युलर म्हणते. नुसत्या डोळ्यांना ती खसखशीचा दाणा दिसेल, पण भिंगाखाली बघितलं की एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने किंचित फुगीर, पांढरी, आणि सपाट बाजूला कोयत्याच्या पात्यासारख्या वळलेल्या खोल्या एकीपुढे एक वाढत बाहेर गेलेल्या. सगळ्यात मधली खोली पहिली, जीव जन्मला तेव्हाची, मग वाढेल तशी एकेक नवी खोली बाहेरच्या बाजूने जोडायची, जुनी मोडायची नाही. खोल्यांच्या भिंतीला बारीक छिद्रं, सुईने टोचल्यासारखी. कवचाच्या फटीतून हा जीव धाग्यांचं एक जाळं बाहेर सोडतो, आपल्याच अंगाचे धागे, आणि त्या धाग्यांमधून कण एकाच वेळी दोन्ही दिशांना धावत असतात, काही बाहेर जाणारे काही आत येणारे, एखाद्या गजबजलेल्या रस्त्यासारखे. त्या जाळ्यानेच चालायचं, त्यानेच धरायचं, त्यानेच अन्न ओढायचं. हे सगळं एका पेशीत. ना डोळा, ना तोंड, ना मेंदू.

या व्युलरच्या नावाची गोष्ट मला फार नंतर कळली आणि कळली तेव्हा मी खुर्चीवरून उठून लॅबमधल्या सगळ्यांना सांगत फिरले. मला वाटायचं उत्तरेच्या थंड समुद्रातली आहे म्हणजे कुणा नॉर्वेजियन किंवा जर्मन माणसाने इथेच कुठेतरी शोधली असणार. तसं नाहीच. ती सापडली कार निकोबारला! आपल्या निकोबारला. ऑस्ट्रियाची नोव्हारा नावाची युद्धनौका १८५७ ते १८५९ जगाला फेरी मारायला निघाली होती, १८५८ मध्ये ती निकोबार बेटांवर पोचली, जहाजावरच्या फर्डिनांड फॉन होखस्टेटर या भूगर्भतज्ज्ञाने कार निकोबारच्या मातीचे नमुने गोळा केले. ती माती म्हणजे कधीकाळी खोल समुद्राचा तळ, जमीन वर उचलली गेली तशी बेटावर आलेली. ते नमुने युरोपात गेले आणि कॉनराड श्वागर या माणसाने त्यातले जीवाश्म बघून १८६६ मध्ये नावं दिली. त्यातल्या एकाला मोहिमेचा कमांडर बर्नहार्ड फॉन व्युलरस्टॉर्फ-उर्बेअर याचं नाव दिलं. पुढे शंभरेक वर्षांनी बनारसच्या संशोधकांनी श्वागरच्या या प्रजाती पुन्हा तपासल्या. म्हणजे जी प्रजाती मी आर्क्टिकच्या दारात बसून उचलते तिचा जन्मदाखला बंगालच्या उपसागरातला आहे.

बरं, कोणाला वाटेल की दिसायला सारखी असेल, जीव वेगळा असेल. २००७ मध्ये पाव्लोव्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खोल समुद्रातल्या तीन प्रजातींचे आर्क्टिकचे आणि अंटार्क्टिकचे नमुने घेऊन त्यांचा डीएनए ताडून पाहिला, त्यात व्युलर होती. मधलं अंतर सतरा हजार किलोमीटरपर्यंत, आणि जनुकं जवळजवळ सारखीच निघाली. पृथ्वीच्या दोन टोकांना तीच ती. खाली तळाशी सगळीकडे थंडच असतं ना, विषुववृत्ताखालीसुद्धा दोन-तीन अंश, तिच्या दृष्टीने समुद्र एकच आहे, त्याला उत्तर-दक्षिण आपण लावलंय.

आता ती राहते कशी. बरीच वर्षं लोकांना वाटायचं हे सगळे तळावरचे फोरॅम चिखलात लोळत असतील. मग १९८९ मध्ये लुट्झे आणि थिएल या दोघांनी दाखवून दिलं की व्युलर चिखलात राहतच नाही, ती वर चढते. दगड असेल तर दगडावर, स्पंज नावाच्या समुद्री जीवाचा दांडा असेल तर दांड्यावर, कुठल्या किड्याची नळी असेल तर तिच्यावर, जे काही चिखलाच्या वर आलेलं असेल त्याच्यावर जाऊन सपाट बाजूने चिकटून बसते. चिखलापासून चार बोटं उंच. तिथे तळाचा प्रवाह लागतो आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे अन्नाचे कण तिला जाळ्यात धरता येतात. दोन किलोमीटर खोल, ठार काळोख, बर्फापेक्षा गार पाणी, आणि तिथे खसखशीएवढा एक जीव वारा लागेल अशा जागी जाऊन बसतो. हे वाचल्यापासून मला ती ट्रेमध्ये नुसती पडलेली दिसत नाही, दांड्यावर बसलेलीच दिसते.

आणि इथे मला ते खरं कळलं जे इतकी वर्षं उलटं डोक्यात होतं. कवचातल्या कार्बनच्या दोन प्रकारांचं प्रमाण मोजून तळाचं पाणी कुठून आलं, किती जुनं, असं आम्ही सांगतो, आणि त्यासाठी जगभर व्युलरलाच पहिली पसंती असते, कोणताही पेपर उघडा. का? तर चिखलाच्या आत राहणाऱ्या प्रजातींच्या कवचात चिखलातल्या पाण्याची खूण येते, तिथे सगळं कुजत असतं त्यामुळे कार्बनचा हिशोब बिघडतो. व्युलर वर बसते म्हणून तिच्या कवचात खरं वाहतं पाणी उतरतं. म्हणजे आमचा आकडा चांगला का, तर ती कुठे बसायची त्यामुळे. तिची राहण्याची सवय आधी, आमचं शास्त्र नंतर. मी इतकी वर्षं तिला थर्मामीटर समजत होते.

तरी ऑक्सिजनची गोष्टही सांगायलाच हवी, कारण ती सुंदरच आहे. समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. बाष्प होताना हलका जास्त उडतो, हिमयुगात तो जमिनीवर बर्फ होऊन अडकून पडतो, समुद्रात जडाचं प्रमाण वाढतं, आणि त्याच पाण्यातून कवच बांधणाऱ्या फोरॅमच्या कवचातही वाढतं. पाणी जितकं गार तितकाही कवचातला जड ऑक्सिजन वाढतो, हे दोन्ही एकमेकांत मिसळलेलं. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी वरच्या पाण्यातल्या फोरॅमवरून हिमयुगांचा आलेख काढला आणि तो मुख्यतः तापमानाचा आहे असं धरलं. केंब्रिजमध्ये निकोलस शॅकलटन यांनी ऑक्सिजन मोजायचं आपलं यंत्र इतकं संवेदनशील केलं की तळावरची मोजकी कवचंसुद्धा पुरायला लागली, आणि १९६७ मध्ये त्यांनी म्हटलं, तळाचं पाणी तर आधीच गोठणाच्या जवळ आहे, ते आणखी किती गार होणार, तरी तिथल्या कवचांतही जवळपास तेवढाच बदल दिसतोय, म्हणजे हा आलेख मुख्यतः बर्फाचा आहे. वीसेक हजार वर्षांपूर्वी जमिनीवर इतका बर्फ होता की समुद्र आजच्यापेक्षा साधारण एकशे वीस मीटर खाली होता. हे सगळं तळावरच्या या गप्प जिवांनी सांगितलं, कारण ते गारव्यातच राहत होते.

आईच्या प्रश्नाकडे येते. खातात काय. तर जे वरून पडेल ते. इथे वसंतात दिवस झपाट्याने मोठा होतो, वरच्या पाण्यात सूक्ष्म शेवाळाला एकदम बहर येतो, समुद्र हिरवट होतो, मग ते सगळं मरतं आणि एकमेकांना चिकटून मऊ, चिकट, हिरव्या-तपकिरी पुंजक्यांनी खाली जायला लागतं. दिवसाला शंभर-दीडशे मीटर. आयर्लंडच्या नैऋत्येला खोल तळावर ठेवलेल्या कॅमेऱ्याने हे टिपलंय, आधी नुसता चिखल आणि मग त्यावर या पुंजक्यांची साय धरलेली. १९८८ मध्ये अँड्र्यू गुडे यांनी ही साय मायक्रोस्कोपखाली घेतली तर तिच्या आतच फोरॅम भरलेले, एपिस्टोमिनेला एक्झिगुआ नावाची इवलीशी प्रजाती त्यात सगळ्यात पुढे. ही बाई (मला ती बाईच वाटते) एरवी कमी असते, कुठेतरी तग धरून असते, आणि वरून जेवण उतरलं की त्या पुंजक्यात शिरून भराभर खाते, भराभर पिल्लं घालते. जेवण संपलं की पुन्हा मोजकीच उरते. गंमत म्हणजे ती इतकी लहान आहे की नेहमीच्या दीडशे मायक्रॉनच्या चाळणीतून सरळ खाली निघून जाते, त्यामुळे जे लोक फक्त जाड रवा निवडतात त्यांच्या गणतीत वसंत येतच नाही. मी पण तेच करत होते. आता त्रेसष्टचा बारीक भागही ठेवते, डोळे फार दुखतात त्याने, पण ठेवते.

पिल्लं घालते म्हटलं, त्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पुष्कळ फोरॅममध्ये पुनरुत्पादनाच्या वेळी आईचं सगळं अंगच पिल्लांमध्ये वाटलं जातं, मागे काही उरत नाही, फक्त कवच उरतं. माझ्या ट्रेमधली कितीतरी कवचं अशी असणार, कोणाच्या मरणाने रिकामी झालेली नाहीत, पिल्लं बाहेर पडल्यामुळे रिकामी झालेली. बाहेरून बघून ते ओळखता येत नाही.

बाकीच्यांची नुसती तोंडओळख करून देते, नाहीतर हे संपायचंच नाही. पिर्गो, अगदी साबुदाणा, चकचकीत चिनी मातीसारखा गोल. नॉर्वेजियन समुद्राच्या तळाला ही इतकी आहे की तिच्या जुन्या नावावरून इथल्या गाळालाच बायलोक्युलिना क्ले म्हणायचे. मग निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा, ही तळावरची नाही, वरच्या पाण्यात तरंगणारी, पण मेल्यावर खाली येते म्हणून माझ्या ट्रेमध्ये हिचीच गर्दी. जाड कातडीची, आटोपशीर, आणि डावखुरी, म्हणजे हिच्या खोल्या डावीकडे वळत जातात. उजवीकडे वळणारे असतील तर पाणी उबदार, डावीकडे असतील तर थंड, असा हिशोब वर्षानुवर्षं चालला, शेवटी डीएनएने सांगितलं की त्या दोन वेगळ्याच प्रजाती आहेत आणि २००६ मध्ये उजवीला वेगळं नाव मिळालं. हार्टमुट हाइनरिख यांनी १९८८ मध्ये अटलांटिकच्या गाळात हिमनगांनी वाहून आणलेल्या खड्यांचे थर दाखवले, त्या गारठ्याची साक्ष या डावखुरीनेच दिली होती. नोनिओनेलिना लॅब्राडोरिका, फ्योर्डमधली, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांतली, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफ्योर्डमध्येपण सापडते, तिथेच काठावर आपलं हिमाद्री स्टेशन आहे २००८ पासून, गोव्यात वास्कोला जी ध्रुवीय संशोधनाची संस्था आहे तिचं. ही खाल्लेल्या डायटमचे (एका पेशीचं शेवाळ) हरितकण पचवून टाकत नाही, अंगात साठवते, अंधारात राहूनसुद्धा. आणि हिरोकिन सार्कोफॅगा, तिचं नाव उत्तरेच्या पुराणकथेतल्या एका राक्षसिणीवरून ठेवलंय, बाल्डर देवाच्या चितेचं जहाज कोणालाच हलेना तेव्हा ते ढकलणारी ती. ही मोठ्या शिंपल्यावर बसते, त्याच्या कवचाला भोक पाडते आणि आतून खाते. एक पेशी, शिंपल्याला भोक पाडते!

पण सगळ्यात जास्त मला हलवून गेली ती सिरिंगामिना फ्रॅजिलिसिमा. न्यूकॅसलचे औषधविक्रेते हेन्री बोमन ब्रेडी, हो, औषधांचं दुकान चालवायचे ते, आणि पुढे चॅलेंजर या ब्रिटिश समुद्र-मोहिमेच्या फोरॅमवरचा एकशे पंधरा चित्रफलकांचा १८८४ चा ग्रंथ त्यांनीच लिहिला, त्यांनी १८८३ मध्ये हिचं वर्णन केलं. नमुने ट्रायटन जहाजाने १८८२ मध्ये फॅरो बेटांकडच्या समुद्रातून आणलेले. वाळूचे कण चिकटवून बारीक नळ्या, नळ्यांना फांद्या, असा एक झुबका, वीस सेंटिमीटरपर्यंत. फुटबॉलएवढं होतं, आणि हेसुद्धा फोरॅमच, एकच पेशी. नावातच नाजूक आहे, पाण्याबाहेर उचलली तर आपल्याच भाराने कोसळते. १९९८ मध्ये स्कॉटलंडच्या वायव्येला साधारण हजार मीटर खोलीवर डार्विन माउंड्स सापडले, वाळूचे छोटे ढिगारे, वर थंड पाण्यातली प्रवाळं, आणि ढिगाऱ्यांच्या मागे या सिरिंगामिनांची दाटी. तिथे तळ खरवडणाऱ्या मासेमारी जाळ्यांचे चरे दिसले होते. २००३ मध्ये तिथे तळाची जाळी ओढायला बंदी आली आणि मग ती कायम झाली. जे बोट लावल्यावर मोडतं त्याच्यावरून तोंड उघडं ठेवायला लोखंडी पाट्या लावलेलं जाळं जातं, हे मला सहन होत नाही. बंदी झाली याचा मला जितका आनंद आहे तितकंच हेही सतत डोक्यात असतं की जे कोणी बघितलंच नाही त्या तळांचं काय.

आणि मी स्वतः काय करते? निवडलेल्या व्युलरपैकी चांगल्या तीन-चार वेगळ्या काढते, एका बारीक काचेच्या नळीत टाकते, ती नळी यंत्रात जाते, वरून गरम फॉस्फरिक अ‍ॅसिडचे थेंब पडतात आणि कवच विरघळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो वायू यंत्र मोजतं. पडद्यावर दोन आकडे येतात. कवच राहत नाही. मागच्या हिवाळ्यात एकदा दिवसभर निवडून जमवलेली आठ कवचं माझ्या एका उसाशाने उडाली, मी टेबलाखाली टॉर्च घेऊन तासभर शोधत होते, पाच मिळाली. हिमयुगाच्या थरांत व्युलर जवळपास सापडतच नाही, वर बर्फ, खाली जेवण नाही, त्यामुळे गारठा सरून ती परत आलेल्या थरातलं एकेक कवच मोलाचं असतं, आणि ही त्याच थरातली होती. पाचांतली एक मी अ‍ॅसिडला दिली नाही. साठ घरांच्या स्लाइडवर पहिल्या घरात चिकटवून ठेवलीये, सपाट बाजू खाली, जशी ती बसायची तशी.

त्याच कवचाचा फोटो मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल लावून काढला आणि आईला पाठवला. तिने कराडात शेजारच्या काकूंना दाखवला, मावशीला पाठवला, आता तिकडे तीनचार बायकांना माहितीये की समुद्राच्या तळाशी एक जीव आहे जो वारा खायला उंचावर बसतो.

परवा तिचा फोन आला. मे महिना, तिकडे वळीव पडून गेलेला, अंगणातल्या मातीचा वास, आंबे उतरवायची घाई, सगळं सांगून झालं. इकडे आता रात्र होत नाही, उपग्रहाच्या फोटोत समुद्रावर हिरवट पट्टे दिसायला लागलेत. मग तिने मधेच विचारलं,

"तुझ्या त्यांचं पडलं का गं जेवण?"

"निघालंय," मी म्हटलं. "अजून वाटेत असेल. दोन किलोमीटर खाली जायचंय त्याला, पंधरा-वीस दिवस तरी लागतील."

"मग पोचलं की सांग," ती म्हणाली.